८०० कॅलरीचा डबा आम्ही का देत नाही

तुळशीचं लग्न लागलं की आमचा फोन वाजायला लागतो. "ताई, महिन्याभरात आठ किलो उतरवायचेत. दोन्ही वेळचा मिळून ८०० कॅलरीचा डबा द्या, पैसे हवं तर पूर्ण डब्याचे घ्या." धंद्याच्या हिशेबाने सोन्यासारखं गिऱ्हाईक. पीठ कमी, तेल कमी, गॅस कमी, पैसे तेवढेच. तरी आम्ही नाही म्हणतो. फोनवर कारण सांगेपर्यंत इकडे फोडणी करपते, म्हणून यंदा छापूनच डब्याबरोबर देतोय.

आधी ८०० कॅलरी ओट्यावर मांडून बघू. २५ ग्रॅम कणकेचा फुलका, तूप-तेल न लावता, साधारण ८५. असे दिवसाला चार, म्हणजे ३४०. एक वाटी मुगाची उसळ १५०. दोन्ही वेळची पालेभाजी, प्रत्येकी एक लहान चमचा तेलात, मिळून १६०. एक लहान वाटी दही ८०. दूध-साखरेचा एक कप चहा ७०. झाले ८००. सकाळचे पोहे नाहीत, भात नाही, केळं नाही, चारचा चहा नाही. आणि साठ किलोची पस्तिशीतली बाई दिवसभर नुसती अंथरुणात पडून राहिली तरी तिचं शरीर १,२०० च्या आसपास खर्च करतं.

"पण पहिल्याच आठवड्यात माझे दोन किलो गेले होते," असं बरेच जण सांगतात. गेले असतील, काटा खोटं बोलत नाही. फक्त काय गेलं ते तो सांगत नाही. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो, सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आत-बाहेर, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं तोडलं की आधी तो साठा संपतो आणि पाणी निघून जातं. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. आठवड्यात दोन किलो निव्वळ चरबी घालवायची तर रोज २,२०० ची तूट हवी. कित्येक बायकांचा अख्ख्या दिवसाचा खर्चही तेवढा नसतो! लग्नाच्या पंगतीत दोन दिवस जेवलं की ते पाणी परत येतं, आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

खरी अडचण पुढे येते. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. महायुद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांना रोज साधारण १,६०० कॅलरी मिळत, म्हणजे आमच्याकडे मागतात त्याच्या दुप्पट. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शाने उतरलं. पण अंगात कायम थंडी, चिडचिड, कशात लक्ष नाही. दिवसभर डोक्यात जेवणाशिवाय दुसरं काही नाही. कुणी पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागला, कुणी ताटं चाटू लागला. बंधन सुटल्यावर ते अक्षरशः तुटून पडले, आणि त्यांच्या अंगावरची चरबी आधीपेक्षा जास्त झाली. ही माणसं कमकुवत मनाची होती असं कोण म्हणेल?

शरीराला लग्नाचा हॉल बुक झालेला कळत नाही. त्याला दुष्काळ कळतो. मग ते खर्चाला कात्री लावतं. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धेत सरासरी ५८ किलो घटले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि तरीही विश्रांतीच्या वेळचा शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज ५०० कॅलरींनी कमीच होता. दुसऱ्या बाजूने भूक वाढते. पोट भरल्याची खबर मेंदूला देणारं लेप्टिन घसरतं, भूक लावणारं घ्रेलिन चढतं. मेलबर्नमध्ये दहा आठवडे जेमतेम ५०० कॅलरींवर ठेवलेल्या लोकांत हा बदल वर्षानंतरही टिकून होता.

मी स्वतः हे करून बसले आहे. धाकटीच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, तीन आठवडे कोबीचं सूप आणि काकडी. चार किलो उतरले. मग एका संध्याकाळी ओट्यापाशी उभ्याउभ्याच शेंगदाण्याचा अर्धा डबा संपवला. मुठीएवढ्या, तीस ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी असतात. त्या रात्री मी हिशेब केला नाही. दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके कंगव्यात येऊ लागले. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडेही होऊ शकतात, हे नंतर कळलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सावकाश कमी केलेलं वजन आपोआप टिकतं, असंही नाही. टिकवण्यासाठी पुढेही तसंच जेवावं लागतं, आणि जन्मभर ८०० वर कुणी जेवत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे. डॉक्टर काही रुग्णांना, विशेषतः टाइप २ मधुमेहात, ठरावीक आठवडे इतका कमी आहार देतात, तेही रक्ताच्या तपासण्या आणि औषधांचे बदल करत. ते डब्यावाल्यांचं काम नव्हे. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर परस्पर जेवण तोडू नका, साखर एकदम खाली जाते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मुलींनी तर विचारूही नये.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही वजन घटवण्याचा आहार रोज १,००० कॅलरींच्या खाली नको आणि आठवड्याला अर्धा किलो पुरे, असंच सांगते. आमचा 'हलका डबा' त्याच हिशेबाने बांधलाय: उसळ किंवा डाळ दोन्ही वेळा, भाजी दुप्पट, कोशिंबीर, ताक, आणि तेल बुधलीतून न ओतता चमच्याने. पोळ्या तुम्ही सांगाल तितक्या. आम्ही दोनच्या खाली जात नाही. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी हलक्या डब्यात मिळणार नाही, त्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी. संध्याकाळी पाच वाजता वडापावच्या गाडीसमोर पाय थबकत असतील तर फुटाणे-ताकाची वेगळी पुडी सांगा, तिचे पैसे लावत नाही.

पुढच्या आठवड्याचा बदल शनिवारी रात्री आठपर्यंत कळवा. रविवारी सकाळी कडधान्यं भिजत पडतात, त्यानंतर सांगितलं तर सोमवारी जे असेल तेच येईल.