तिपेडी दोर तोडणारे विकर

लावणी आटोपल्यावर खाचरातल्या निवळ पाण्यात, भाताच्या चुडांमधून वळवळणारे बेडूकमासे कसे दिसतात, हे कोकणात वाढलेल्या कुणाला सांगावे लागत नाही. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, आणि पाहता पाहता शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही. जागच्या जागी विरते आणि तिच्यातले द्रव्य त्याच देहात जिरते. नवल असे की, शेपटीला आधार देणारे कोलॅजेन हे प्रथिन भलतेच चिवट असते. ट्रिप्सिनसारख्या पाचक विकरालाही (एन्झाइमलाही) त्याचा अखंड धागा तुटत नाही. 1962 साली जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या संशोधकांनी कोलॅजेनच्या साकळलेल्या थरावर बेडूकमाशाच्या शेपटीचे जिवंत तुकडे ठेवून पाहिले, तेव्हा तुकड्यांभोवतीचा थर विरघळून गेला. कोलॅजेन तोडणारे प्राणिज विकर असे हाती लागले, आणि त्याची भावंडे पुढे माणसातही सापडत गेली.

कोलॅजेनचा रेणू म्हणजे जणू काथ्याचा तिपेडी दोर, सुमारे 300 नॅनोमीटर लांब आणि दीड नॅनोमीटर जाड. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, म्हणजे एमएमपी, या कुळातले एमएमपी-1 हे मानवी विकर या दोरावर एका ठरावीक जागीच, पाऊण लांबीवर, घाव घालते. तेवढे पुरते, कारण तुटलेल्या तुकड्यांचा पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही. पेड सुटतात आणि उरलेले जिलेटिन एमएमपी-2 व एमएमपी-9 फस्त करतात. जखम भरताना हे काम उपकारक असते. संधिवातात मात्र तेच कूर्चा झिजवते आणि कर्करोगाच्या पेशींना पसरायला वाट करून देते.

माणसात या कुळातली 23 विकरे आहेत. ऊतीतून एखादे वेगळे काढू गेल्यास सोबत त्याची भावंडे येतात आणि त्यांना आवर घालणारी प्रथिनेही येतात. म्हणून हव्या त्या विकराचे मानवी जनुक जिवाणूत, कीटकाच्या पेशीत किंवा चिनी हॅम्स्टरच्या पेशीत घालून ते एकटेच तयार करवून घेतात. यालाच पुनर्संयोजित विकर म्हणतात. जिवाणूंचे उत्पादन स्वस्त पडते, पण त्यात पुष्कळदा प्रथिनाच्या गुठळ्या होतात आणि ते विरघळवून नव्याने घडी घालून घ्यावे लागते. शिवाय मानवी पेशी प्रथिनाला ज्या शर्करा जोडतात, त्या तिथे जोडल्या जात नाहीत.

प्रयोगशाळेने मागवलेल्या कुपीतले हे विकर बहुधा निद्रिस्त असते. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो आणि प्रथिनाच्या साखळीच्या आरंभीच्या भागातले सिस्टीन हे एक अमिनो आम्ल त्या जस्ताला धरून बसलेले असते. ही पकड सोडवण्यासाठी प्रयोगशाळेत पाऱ्याचे एक सेंद्रिय संयुग वापरतात; ते विषारी असल्याने हातमोज्यांशिवाय त्याला स्पर्श करू नये. माल असतो काही मायक्रोग्रॅम, आणि तो उणे 70 ते 80 अंशांवर ठेवायचा असतो, त्यामुळे पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावांत हा मोठाच घोर. आल्याबरोबर त्याचे लहान लहान भाग करून ठेवणे शहाणपणाचे, कारण पुन्हापुन्हा वितळवून गोठवल्याने विकराची ताकद घटते. बर्फातून काढलेली सुरमई पुन्हा बर्फात घातली की तिचे काय होते, हे रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर कुणीही सांगेल.

ते जागे आहे की नाही, हे पाहण्याची मला सर्वांत आवडणारी रीत म्हणजे झायमोग्राफी. जिलेटिन मिसळलेल्या जेलच्या पातळ चकतीतून विजेच्या दाबाखाली साबणासारख्या द्रव्यासह विकर सरकवतात, मग ते द्रव्य धुऊन काढतात आणि चकती कॅल्शियमयुक्त द्रावणात 37 अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी निळा रंग चढवला की सारी चकती गर्द निळी होते आणि विकराने जिथले जिलेटिन खाल्ले, तिथे तेवढा पांढरा पट्टा उमटतो. गंमत अशी की, निद्रिस्त एमएमपी-9 चाही पट्टा 92 किलोडाल्टन या रेणूवजनाच्या जागी दिसतो, कारण त्या साबणाने त्याची घडी उलगडून सिस्टीनची पकड ढिली केलेली असते. म्हणून नुसता पट्टा पाहून विकर जागे होते असे म्हणता येत नाही. तो कोणत्या उंचीवर, म्हणजे किती वजनाच्या जागी आहे, हेही पाहावे लागते.

जस्तालाच जखडून ठेवणारी मारिमास्टॅटसारखी कर्करोगावरील औषधे 2000 च्या सुमारास मोठ्या चाचण्यांत अपेशी ठरली, आणि ती घेणाऱ्या अनेकांचे सांधे दुखू लागले. ती एका विकरावर नव्हे, तर साऱ्या भावंडांवर एकदम चालत होती. आता नवे रेणू एकेका शुद्ध विकरावर वेगवेगळे तपासले जातात, आणि त्यासाठीच या कुप्या मागवल्या जातात.