मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील मेद-चयापचय

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगात गाठीतील पेशी मेद तयार करणे, बाहेरून उचलणे, साठवणे आणि ऊर्जेसाठी जाळणे ही कामे निरोगी पेशींपेक्षा वेगळ्या प्रमाणात करतात. या रासायनिक घडामोडींना मिळून ऊतीतील मेद-चयापचय म्हणतात. मेदाम्ले (फॅटी ॲसिडे), ट्रायग्लिसराइडे, फॉस्फोलिपिडे, कोलेस्टेरॉल आणि त्यांपासून निघणारी प्रोस्टाग्लँडिनांसारखी संदेशवाहक द्रव्ये यांचा त्यात समावेश होतो. ठाण्यात काय किंवा वाशीत काय, प्रयोगशाळेतून मिळणाऱ्या ‘लिपिड प्रोफाइल’च्या अहवालाशी या विषयाची नेहमी गल्लत होते. तो अहवाल रक्तातून वाहणाऱ्या मेदाचा असतो. गाठीच्या आत काय चालले आहे, हे त्यावरून कळत नाही.

ऊतीतील मेदाकडे बराच काळ दुर्लक्ष झाले, याचे एक कारण काचपट्टी तयार करण्याच्या पद्धतीतच आहे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवतात, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातील पाणी काढतात, मग झायलीनमध्ये बुडवून पॅराफिन मेणात बसवतात. मेणाच्या या वडीला रुग्णालयात सगळेच ‘ब्लॉक’ म्हणतात. दुसरे मत घेण्यासाठी खारघरला किंवा परळला कर्करोग रुग्णालयात निघालेल्या नातेवाइकाच्या पिशवीत फाइलीबरोबर असतो तो हाच. अल्कोहोल आणि झायलीन ही दोन्ही द्रव्ये मेद विरघळवणारी आहेत. त्यामुळे पेशीत जिथे मेदाचा थेंब होता, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली फक्त रिकामी, गोल, पांढरी जागा उरते. थेंब प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर गोठवलेल्या ऊतीचा काप घेऊन तो ऑइल रेड ओ या रंजकाने रंगवावा लागतो. तेव्हा तीच जागा लालभडक दिसते. रासायनिक मोजणीसाठी तुकडा शस्त्रक्रियागृहातून निघताच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून पुढे उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवणे श्रेयस्कर असते. खारघर येथील ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन संस्थेत रुग्णालय आणि संशोधनशाळा एकाच आवारात आहेत, ही सोय अशा कामात मोलाची ठरते. या संस्थेचे मूळ १९५२ मध्ये परळला सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्रात असून, विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर हे त्या केंद्राचे पहिले संचालक होते.

नमुना चांगला गोठवला तरी एक अडचण राहतेच. मोठ्या आतड्याच्या बाहेरच्या बाजूस पिवळ्याधमक चरबीचे थर आणि लोंबते गोळे असतात. त्यातला जरासा कण जरी नमुन्यात आला, तरी ट्रायग्लिसराइडांचा आकडा फुगतो. शिवाय तुलनेसाठी घेतलेल्या ‘निरोगी’ तुकड्यात स्नायू किती आणि श्लेष्मल पटल (आतले अस्तर) किती, यावरही निष्कर्ष अवलंबून असतो. या विषयावरील परस्परविरोधी आकड्यांमागे अनेकदा रसायनशास्त्रापेक्षा कात्रीच असते.

कर्कपेशी मेद स्वतः बनवतात, हे १९५३ मध्ये सिडनी वाइनहाउस व सहकाऱ्यांनी अर्बुद-ऊतींच्या कापांवर दाखवले होते. ग्लुकोजपासून निघालेले सायट्रेट तंतुकणिकेतून (मायटोकॉन्ड्रियातून) बाहेर येते, त्याचे ॲसिटिल को-एंझाइम ए होते, आणि मेदाम्ल सिंथेज हे विकर (एंझाइम) एका ॲसिटिल घटकाला सात मॅलोनिल घटक जोडून १६ कार्बनांचे पामिटिक आम्ल तयार करते. मोठ्या आतड्याच्या गाठींत या विकराचे प्रमाण पुष्कळदा वाढलेले आढळते. झपाट्याने विभागणाऱ्या पेशीला दर विभाजनाला नवे पेशीपटल लागते आणि त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे हीच मेदाम्ले. पटलातील फॉस्फॅटिडिलकोलीन या फॉस्फोलिपिडांची घडणही गाठीत बदलते.

याच्या अगदी उलट चित्र ब्युटिरेटच्या बाबतीत दिसते. ज्वारीच्या भाकरीतला कोंडा किंवा मटकीची साल लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू ती आंबवून चार कार्बनांचे हे छोटे मेदाम्ल बनवतात. याच आम्लाचा शोध लोण्यात लागला, म्हणून त्याचे नावही लोण्यावरून पडले आहे. आतड्याच्या अस्तराची निरोगी पेशी आपली सुमारे ६० ते ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेट जाळून मिळवते. कर्कपेशी मात्र ग्लुकोजकडे वळलेली असते. न जळलेले ब्युटिरेट मग तिच्या केंद्रकात साचते, हिस्टोनांवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना रोखते आणि पेशीची वाढ मंदावते. एकच द्रव्य एका पेशीचे अन्न आणि दुसरीचा अडसर ठरते, ही या विषयातील सर्वांत लक्षवेधी बाब म्हणावी लागेल.

पेशीपटलातून सुटणाऱ्या २० कार्बनांच्या ॲराकिडोनिक आम्लापासून कॉक्स-२ हे विकर प्रोस्टाग्लँडिन ई-२ च्या निर्मितीची वाट मोकळी करते. हे द्रव्य पेशींच्या वाढीला आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देते. बहुसंख्य गाठींत कॉक्स-२ वाढलेले असते. ॲस्पिरिनच्या संरक्षक परिणामाचा एक खुलासा याच मार्गात शोधला जातो. लिंच सिंड्रोम ही आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या ८६१ व्यक्तींच्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळले. पण तो फरक गोळ्या सुरू केल्यानंतर काही वर्षांनी दिसू लागला. ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करण्याजोगी नाही. कोलेस्टेरॉलपासून यकृतात बनणारी पित्ताम्लेही येथे संबंधित आहेत. जीवाणू त्यांचे डीऑक्सिकोलिक आम्लात रूपांतर करतात, आणि ते अस्तराला इजा पोहोचवते.

मेदाम्ल सिंथेजला रोखणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्या झाल्या असल्या, तरी मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर असे औषध अजून नित्याच्या उपचारात आलेले नाही. प्रयोगशाळेत हे विकर बंद पाडल्यावर कर्कपेशी सीडी-३६ हे मेदाम्ले आत घेणारे प्रथिन पृष्ठभागावर वाढवतात, असे आढळले आहे. आणि आतड्याच्या भिंतीतून बाहेर सरकलेल्या गाठीला ती मेदाम्ले पुरवणारी चरबीपेशी लगतच, त्या पिवळ्या थरात, असते.