मोस्तारचा जुना पूल

मोस्तारचा जुना पूल (स्तारी मोस्त) : बॉस्निया व हर्झगोव्हिनातील मोस्तार शहरी नेरेत्वा नदीवर असलेला एका कमानीचा दगडी पूल. बाल्कन प्रदेशातील उस्मानी (ऑटोमन) स्थापत्यात त्याचे स्थान फार वरचे आहे. मोस्तार हे नाव पुलाच्या रखवालदारांसाठी असलेल्या ‘मोस्तारी’ या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. नेरेत्वावरील पुलाजवळच्या दोन बुरुजांचा उल्लेख १४५२ च्या एका कागदात आढळतो आणि शहर उस्मानी सत्तेखाली आले ते १४६८ च्या सुमारास. त्यामुळे येथे उस्मानी काळापूर्वीही पूल असावा, हे मत ग्राह्य वाटते. दगडी पुलाच्या आधीचा पूल साखळ्यांवर तोललेला लाकडी पूल होता व तो इतका हलत असे की लोक जीव मुठीत धरून पलीकडे जात, असे सतराव्या शतकातील उस्मानी विद्वान कातिब चेलेबी याने लिहून ठेवले आहे.

दगडी पूल सुलतान सुलेमान याच्या आज्ञेने, साधारणपणे १५५७ ते १५६६ या काळात बांधला गेला असे मानतात. पूर्णतेच्या वर्षासाठी ‘कुद्रत केमेरी’ (ईश्वरी सामर्थ्याची कमान) हा कालसूचक शब्दसमूह सांगितला जातो. अब्जद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला ठरावीक मूल्य असते. त्यानुसार ‘कुद्रत’ या शब्दाच्या काफ, दाल, रे, ते या अक्षरांची १००, ४, २०० व ४०० मिळून ७०४ आणि ‘केमेरी’च्या अक्षरांची २०, ४०, २०० व १० मिळून २७० अशी बेरीज होते, दोन्ही मिळून हिजरी ९७४ हे वर्ष निघते. हिजरी ९७४ जुलै १५६६ मध्ये सुरू होऊन जुलै १५६७ मध्ये संपत असल्याने १५६६ किंवा १५६७ असे म्हणणेच सावधपणाचे ठरेल. दख्खनमधील फार्सी शिलालेखांतूनही हीच पद्धत दिसते, त्यामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांना ती अपरिचित नाही.

पुलाच्या कर्त्याविषयी मतभेद आहेत. एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय प्रवाशांनी पूल रोमन ठरवला. त्याला आधार नाही. सतराव्या शतकातील उस्मानी प्रवासी एव्हलिया चेलेबी याने तो थोर स्थपती सिनान याच्या नावावर लावला आहे. मात्र तत्कालीन उस्मानी कागदपत्रांत मिमार (स्थपती) हायरुद्दीन याचे नाव येते, आणि आज तेच सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. तो सिनानचा शिष्य होता असे म्हणतात.

कमानीचा गाळा सुमारे २९ मी., रुंदी सुमारे ४ मी. व उन्हाळ्यातील पाण्यापासूनची उंची सुमारे २० मी. आहे. बांधकामात ‘तेनेलिया’ हा स्थानिक फिकट चुनखडक वापरला असून घडीव दगड लोखंडी आकड्यांनी जखडून त्यांच्या खाचांत वितळलेले शिसे ओतलेले होते. माथ्याकडे दोन्ही बाजूंनी चढत जाणारी वाट पावलांनी घासून गुळगुळीत होते. पाय घसरू नये म्हणून तिच्यावर आडव्या उंचवटेदार दगडी पट्ट्या बसवल्या आहेत. कमानीच्या खांद्यांत वजन हलके करणाऱ्या पोकळ्याही ठेवलेल्या होत्या. बाहेरून नाजूक दिसणाऱ्या या कमानीमागे किती विचार होता, हे त्यांवरून कळते. दोन्ही टोकांना तारा व हालेबिया हे बुरुज आहेत.

बॉस्नियातील युद्धात ९ नोव्हेंबर १९९३ रोजी क्रोएट सैन्याच्या तोफमाऱ्याने पूल कोसळला. नदीतून काढलेले दगड बहुतांशी पुन्हा वापरण्याजोगे नव्हते, म्हणून त्याच जातीचा दगड नव्याने काढून व जुन्या कारागिरीचा अवलंब करून पूल पुन्हा उभारण्यात आला. २३ जुलै २००४ रोजी तो खुला झाला. २००५ मध्ये युनेस्कोने जुन्या शहरातील पुलाचा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. पुनर्बांधलेली वास्तू मूळ मानावी काय, हा प्रश्न तेव्हा चर्चिला गेला, आणि नोंद केवळ सहाव्या निकषावर, म्हणजे वास्तूशी निगडित स्मृती व अर्थ यांच्या आधारे झाली. पुलावरून नेरेत्वाच्या थंड पाण्यात उडी घेण्याची प्रथा आजही चालू आहे. मोस्तारचे तरुण पिढ्यान्‌पिढ्या ती शिकत आले आहेत.