दोन यार्ड आत आलेला हात

कॅन्सस सिटी, १० नोव्हेंबर २०२४. अमेरिकन फुटबॉलचा सामना. यजमान चीफ्स १६, डेन्व्हर ब्रॉन्कोस १४, घड्याळ संपल्यात जमा. डेन्व्हरच्या विल लुट्झला ३५ यार्डांवरून फिल्ड गोल मारायचा होता, म्हणजे लाथेनं चेंडू गोलच्या दोन खांबांमधून धाडायचा होता. तीन गुण मिळाले की सामना खिशात, आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या किकरला हे अंतर म्हणजे हातचा मळ. पण चीफ्सचा लिओ शेनाल समोरच्या गड्याला रेटत आत घुसला, त्यानं हात वर केला आणि चेंडू अडला. मग वाद ठरलेलाच: डेन्व्हरनं घड्याळ संपवत बसण्याऐवजी गोलच्या दिशेनं आणखी पुढे सरकायला हवं होतं का?

फिल्ड गोलसाठी, दोन्ही संघ समोरासमोर उभे असतात त्या रेषेपासून चेंडू सात-आठ यार्ड मागे फेकतात (हा स्नॅप), होल्डर तो जमिनीवर उभा धरतो आणि किकर लाथ घालतो. हे सगळं सव्वा सेकंदाच्या आसपास आटपतं. तेवढ्यात किकरपर्यंत पोचणं कठीण, पण त्याची गरजही नसते. चेंडूच्या वाटेत हात आला की पुरे.

आता थोडा हिशेब. चेंडू सेकंदाला २७ मीटर वेगानं ३० अंशांत उडाला, तर सात यार्ड पुढे, म्हणजे रेषेवर, तो साधारण ३.३ मीटर उंचीवर असतो. तिथं हात पुरायला जबर उडी लागेल. पण बचाव करणारा दोन यार्ड आत घुसला, तर त्याच्यासमोर चेंडू असतो जेमतेम अडीच मीटरवर. सव्वासहा फुटी गड्याचा हात उडी न मारताही तिथवर जातो! तोच चेंडू ४० अंशांत मारला, तर तिथंच तो ३.६ मीटरवर असेल. लांबच्या किकसाठी मात्र चेंडू थोडा सपाट मारावा लागतो. म्हणून पुढे सरकण्याचा फायदा आहेच, पण माझ्या मते त्या दिवशी खिंडार अंतरात नव्हतं, किकरसमोर उभ्या डेन्व्हरच्या भिंतीत होतं.

उडीचंही एक प्रकरण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये सिॲटलच्या बॉबी वॅग्नरनं ॲरिझोनाविरुद्ध चक्क स्नॅप करणाऱ्याच्या डोक्यावरून झेप घेऊन किक अडवली. सामना ६-६ बरोबरीत सुटला. तेव्हा ते नियमात बसत होतं. २०१७ पासून धावत येऊन अशी झेप घ्यायला बंदी आहे. कारण सरळ आहे. एकदा पाय जमिनीवरून सुटले की शरीराची वाट ठरून जाते, मध्येच वळता येत नाही. खालच्याच्या खांद्याला पाय अडकला तर माणूस कोलांटी खाऊन मानेवर पडतो. चाहत्यांना ती झेप हवीहवीशी वाटते खरी, पण मान त्यांची नसते.

आणि अडवलेला चेंडू मेलेला नसतो. २१ सप्टेंबर २०२५ रोजी ईगल्स २७-२६ असे पुढे असताना रॅम्सची ४४ यार्डांची किक जॉर्डन डेव्हिसनं अडवली. दीडशे किलोचा हा गडी तोच चेंडू उचलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत पळत गेला. घड्याळ शून्यावर, आणि गुणफलक ३३-२६.