सैनिकांची जुनी व्यक्तिचित्रे आणि रंगव्यवस्थापन (बेळगाव सीमाभाग)

कॅमेरा, स्कॅनर, मॉनिटर आणि छपाईयंत्र ही साधने एकच रंग आपापल्या परीने टिपतात आणि दाखवतात. हा फरक मोजून भरून काढण्याच्या पद्धतीला डिजिटल छायाचित्रणात रंगव्यवस्थापन म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांत या विषयाची गाठ बहुधा एकाच वस्तूमुळे पडते : सोप्यात दारावर टांगलेला, पलटणीतल्या आज्जाचा किंवा पणजाचा फोटो. काचेवर धूळ, कोपऱ्यात पावसाळ्यातली बुरशी, वर वाळलेला हार. नातवंड त्याचा मोबाइलवर फोटो काढते आणि स्टुडिओत जाऊन म्हणते, ‘जरा रंगीत करून द्या.’

या भागात असे फोटो पुष्कळ सापडतात, याला कारण आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. या रेजिमेंटचा वारसा १७६८ पर्यंत मागे जातो. पहिल्या महायुद्धात तिच्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कूतच्या वेढ्यात अडकल्या. तिथल्या फौजेने २९ एप्रिल १९१६ रोजी शस्त्रे खाली ठेवली. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी १९४१ साली एरिट्रियातल्या केरेनला आणि पुढे इटलीत लढल्या. भरती झाल्यावर किंवा रजेवर आल्यावर शहरातल्या स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे ताठ उभे राहून फोटो काढायचा, ही तेव्हाची रीत. घरी राहिला तो बहुधा हाच एक फोटो.

कृष्णधवल फोटोत रंगच नाहीत, मग रंगव्यवस्थापन कशाला, असे विचारले जाते. पण जुना ठसा, म्हणजे कागदावर छापलेला फोटो, कधीच निव्वळ काळा-पांढरा नसतो. सेपिया ही तपकिरी छटा मुद्दाम दिलेली असते, त्यात चांदीचे सल्फाइड झालेले असते. नीट न धुतलेला ठसा काळाने पिवळा पडतो, तो मात्र दोष. नजरेला दोन्ही सारखेच वाटतात. ओळखायचे कडेवरून : सेपियात कागदाची पांढरी किनार सहसा स्वच्छ राहते, पिवळेपणा डागाडागांनी किनारीवरही उतरतो. गडद भागांवर निळसर आरशासारखी चकाकी दिसली, तर ती पृष्ठभागावर आलेली चांदी. स्कॅनरचे ‘आपोआप सुधारा’ बटण या तिन्हींना एकाच मापाने पुसून टाकते. म्हणून ते पहिल्या प्रतीवर वापरू नये.

यामागचे तंत्र थोडक्यात असे. माणसाच्या डोळ्याला रंग कसा दिसतो याचे मोजमाप प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने १९३१ साली ठरवून दिले. त्याच पायावर १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) या संस्थेने प्रोफाइलची पद्धत बसवली. प्रोफाइल म्हणजे साधनाची किंवा फाइलची ओळखचिठ्ठी : इथला लाल म्हणजे नेमका कोणता लाल, हे ती सांगते. फाइलीत कोणते रंग मावतात ती मर्यादा म्हणजे रंगावकाश. एसआरजीबी हा रंगावकाश १९९६ चा, त्याहून रुंद ॲडोब आरजीबी १९९८ चा. ॲडोब आरजीबीतल्या फाइलीची चिठ्ठी गळाली की बहुतेक सॉफ्टवेअर ती एसआरजीबी समजून उघडतात आणि चित्र मलूल दिसते. मग कोणीतरी रंग भडक करतो, आणि तीच बिघडलेली प्रत नातेवाइकांत फिरते.

विटलेल्या जुन्या ठशांना मोठा रंगावकाश क्वचितच लागतो. लाल, हिरवी, निळी अशा प्रत्येक वाहिनीला उजेडाच्या किती पायऱ्या मिळतात, हे त्याहून महत्त्वाचे. ८ बिटांत २५६ पायऱ्या, १६ बिटांत ६५,५३६. फेट्याच्या सावलीतला चेहरा उजळायला गेले, की ८ बिटांच्या फाइलीत कपाळावर पट्टे उमटतात. कॅमेऱ्याने प्रत काढायची तर दोन्ही बाजूंनी सारख्या दिव्यांचा सुमारे ४५ अंशांतून प्रकाश, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेनुसार पांढरा रंग जुळवणे) स्वयंचलित न ठेवता करड्या कार्डावरून, आणि पहिल्या शॉटमध्ये फोटोशेजारी २४ चौकटींचे रंगकार्ड. एका बाजूला खिडकीचे ऊन आणि दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट ठेवून काढलेल्या फोटोत अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा हिरवट येतो. तो मागाहून दुरुस्त करणे फार जिकिरीचे. काच आणि ठसा चिकटलेले असतील तर ओढून सोडवू नयेत, काचेसकटच प्रत काढावी.

सर्वांत मोठा घोटाळा मात्र कॅमेऱ्यासमोरच झालेला असतो. कॅमेऱ्यात ज्यांवर फोटो टिपला जाई, त्या जुन्या काचपट्ट्यांना फक्त निळा-जांभळा प्रकाश कळे. पुढच्या ऑर्थोक्रोमॅटिक पट्ट्यांना हिरवा कळू लागला, तांबडा नाही. म्हणून तर त्या लाल दिव्याखाली धुता येत. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक पट्ट्या १९०६ पासून बाजारात होत्या, पण त्या गडद अंधारात हाताळाव्या लागत. ऑर्थोवर तांबडे जवळजवळ काळे उमटते, निळे फिके पडते आणि गव्हाळ-सावळी त्वचा होती त्याहून काळी दिसते. ‘आमचे आज्जा इतके काळे नव्हते,’ असे म्हातारी माणसे म्हणतात, त्यात नुसती माया नसते.

मग फोटो कोणत्या काचपट्टीवर काढला, हे कसे ओळखावे? छातीवर पदकांच्या फिती असतील तर त्याच उत्तर देतात, कारण त्यांचे रंग शासनाने ठरवलेले आणि आजही तपासता येण्याजोगे आहेत. १९३९-४५ स्टार या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकाची फीत तीन सारख्या रंगपट्ट्यांची : गडद निळा, तांबडा, फिका निळा. फोटोत मधला तांबडा पट्टा सर्वांत काळा दिसला तर काचपट्टी ऑर्थो. कडेचा गडद निळा सर्वांत काळा दिसला तर पॅनक्रोमॅटिक. इटलीतल्या लढाईसाठीच्या इटली स्टार पदकाच्या फितीत तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असा क्रम असतो. पहिल्या महायुद्धाच्या विजय पदकाची फीत इंद्रधनुषी, मधोमध तांबडी. म्हणजे फोटोतच एक छोटे रंगकार्ड शिवलेले आहे, स्टुडिओत कोणी ठेवलेले नसतानाही. भिंग लावून अर्धा सेंटिमीटरभर फीत पाहिली, तर चेहऱ्याची छटा किती उचलायची याचा अंदाज येतो. भरतीच्या वेळच्या फोटोत अर्थातच फिती नसतात, तिथे हा मार्ग बंद.

फितींवरून तारखेचाही माग लागतो. नाईक यशवंत घाडगे यांना इटलीतल्या टायबर खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी वीरमरण आले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉसची किरमिजी फीत दाखवणारे कोणतेही चित्र नंतर घडवलेलेच असणार. शिपाई नामदेव जाधव यांचा पराक्रम ९ एप्रिल १९४५ चा, सेनियो नदीकाठचा. ते हयात राहिले, म्हणून त्यांच्या अंगावर पदक असलेले खरे फोटो असू शकतात.

खाकीचे कोडे सुटत नाही. खाकी म्हणजे धुळीच्या रंगाची. पण सुती ड्रिलची खाकी धुऊन धुऊन पांढुरकी होई, लोकरी सर्जची गडद तपकिरी राही, आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर हिरवे कपडे आले. करड्या छटेवरून यातला कोणता, ते ठरवता येत नाही. आपोआप रंग भरणारे सॉफ्टवेअर हे ठरवते, कारण त्याला काहीतरी भरायचेच असते. ते इटली स्टारची फीत तपकिरी करून टाकते आणि चेहरे एकाच गुलाबी छटेकडे ओढते. ही खोड नवी नाही. रंग जुळवून पाहण्यासाठी कोडॅकने फोटो प्रयोगशाळांना दिलेली ‘शर्ली’ कार्डे कित्येक वर्षे गोऱ्या बाईच्या त्वचेवरच बेतलेली होती. असा रंगवलेला फोटो घरात लावायला हरकत नाही. फक्त ते चित्र आहे हे फाइलीच्या नावात लिहावे.

हाताने रंगवलेले जुने मोठे फोटो ही गोष्ट वेगळी. त्यांत गालावर गुलाबी रंगाचा हात, ओठांवर लाली, बटणांवर सोनेरी ठिपके आणि फितीच्या जागी एकच तांबडा फराटा असतो. चित्रकाराने पलटण पाहिलेली नसे, ठसा समोर असे. तरी तो रंग त्या काळचा आहे. रंगव्यवस्थापनाने तो आहे तसा टिपावा. खरा गणवेश कसा होता म्हणून तो ‘दुरुस्त’ करू नये.

छपाईत शेवटचा घात होतो. मॉनिटरवरचा काही भडक तांबडा आणि हिरवा सीएमवायके या छपाईच्या चार शायांत मावत नाही, आणि फ्लेक्सवाल्याकडे घाई असते. छापणाऱ्याकडून कागदाचे प्रोफाइल मागून घेऊन पडद्यावर आधी नमुना पाहिला तर निम्मी तक्रार मिटते. छापील प्रत मूळ ठशाशी ताडताना दोन्ही एकाच, ५००० केल्विनच्या जवळच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या, उजेडात धरावीत. दारातल्या उजेडात जुळलेली प्रत आतल्या पिवळ्या बल्बखाली जुळेलच असे नाही.

प्रत काढताना ठशाची मागची बाजूही त्याच मापात टिपावी. तिथे स्टुडिओचा शिक्का, पलटणीचा क्रमांक, कधी मोडीत एक ओळ आणि तिच्याखाली नंतर कोणीतरी कन्नडात लिहिलेले गावाचे नाव असते. फिकट शाईचा तो तपकिरी रंग स्वयंचलित व्हाइट बॅलन्सने सगळ्यांत आधी नाहीसा होतो.