प्रोग्रॅमेबल इग्निशन (हातबांधणीच्या मोटारींतील)

पेट्रोल एंजिनात ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, हे वजने आणि स्प्रिंगांऐवजी साठवून ठेवलेल्या आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवणारी विद्युत् यंत्रणा. तक्त्याच्या एका अंगाला एंजिनाचे दर मिनिटाचे फेरे असतात, तर दुसऱ्या अंगाला एंजिनावरचा भार. प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो. पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत टीडीसीला, पोहोचण्याआधी किती अंश ठिणगी पडावी, ते तो सांगतो. कारखान्यातून आलेल्या मोटारीत हा तक्ता मालकाला दिसत नाही. हातबांधणीच्या मोटारीत तो बांधणाऱ्यालाच भरावा लागतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः ब्रिटनमधील किट कारच्या, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन बांधलेल्या मोटारींच्या, परंपरेविषयी आणि तिच्यात रूढ झालेल्या फोर्डच्या ईडीआयएस मॉड्यूलविषयी (कॉइलांकडून ठिणगी पाडून घेणाऱ्या पेटीविषयी) आहे.

क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, मिनिटाला १,००० फेऱ्यांना एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ६,००० फेऱ्यांना ३६ अंश. मिश्रण पेटून दाब तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडावी लागते. मात्र ती सहापट आधी पाडावी लागत नाही. वेगाबरोबर सिलिंडरातली खळबळ वाढते आणि ज्योतही झपाट्याने पसरते. म्हणून आदर्श वक्र सुरुवातीला चढतो आणि पुढे सपाट होत जातो. प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या जुन्या डिस्ट्रिब्यूटरमधल्या दोन स्प्रिंगांना असा वक्र साधत नाही. त्या दोन-तीन सरळ रेषांत त्याची नक्कल करतात. मूळ मोटारीसाठी ती पुरते. कॅमशाफ्ट बदललेल्या, दोन जुळे कार्ब्युरेटर चढवलेल्या एंजिनाला ती पुरत नाही.

उगम : कॉइल, पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारा स्विच) आणि डिस्ट्रिब्यूटर ही रचना चार्ल्स केटरिंग यांच्या डेटन (ओहायो) येथील कंपनीने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींना पुरवली, याविषयी मतभेद नाही. त्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘डेल्को’. आपल्याकडील जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी डिस्ट्रिब्यूटरचे तेच नाव बसले आहे. संगणकाने टायमिंग ठरवणारी पहिली विक्रीची मोटार कोणती, हा प्रश्न मात्र वादाचा आहे. क्रायस्लरने १९७६ च्या मॉडेलांत ‘लीन बर्न’ यंत्रणा आणली. तिचा संगणक ॲनालॉग होता. त्यात तक्ता साठवलेला नव्हता, संवेदकांच्या व्होल्टेजांची बेरीज-वजाबाकी होत असे. जनरल मोटर्सची ‘मायसार’ यंत्रणा १९७७ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोत आली आणि तिच्यात मायक्रोप्रोसेसर होता. फ्रेंच लेखक १९७८ च्या सित्रोएन व्हिसाचा दाखला देतात, कारण तिच्या दोन सिलिंडरांच्या एंजिनात डिस्ट्रिब्यूटरच नव्हता. बॉशच्या मोट्रॉनिकने १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये इंधन आणि ठिणगी यांचा कारभार एकाच पेटीत आणला. ‘साठवलेला तक्ता व तो वाचणारा प्रोसेसर’ ही व्याख्या धरली, तर टोरोनाडोचा हक्क अधिक सबळ वाटतो. हातबांधणीच्या मोटारींत पुढे जे रुजले, त्याचा पूर्वज तीच आहे. क्रायस्लरची यंत्रणा नव्हे.

दुसरा धागा याहून जुना आहे. एकच कॉइल दोन सिलिंडरांच्या प्लगांना एकाच वेळी ठिणगी देते. एक ठिणगी कामाची असते, तर दुसरी एक्झॉस्टच्या टप्प्यात वाया जाते. ही युक्ती १९४८ मध्ये पॅरिसला प्रथम दाखवलेल्या सित्रोएन टू-सीव्हीत होतीच. फोर्डने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरलेली ईडीआयएस तिच्यावरच उभी आहे. ‘इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्यूटरलेस इग्निशन सिस्टीम’ असे तिचे पूर्ण नाव. चार सिलिंडरांत १ व ४ ची एक जोडी, २ व ३ ची दुसरी. त्यामुळे फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असो (पिंटो एंजिन) वा १-२-४-३ (केंट क्रॉसफ्लो), वायरिंग बदलत नाही. जुन्या फोर्ड एंजिनांवर मोटारी बांधणाऱ्यांत ही पद्धत पसरण्यामागे एवढी एक सोय मोठी होती.

ब्रिटनमध्ये हातबांधणीची परंपरा लोटस सेव्हनशी (१९५७) जोडली जाते. सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या मोटारीवर त्या काळी खरेदीकर लागत नसे. प्रोग्रॅमेबल नियंत्रण या मंडळींच्या आवाक्यात आले ते २००० नंतर. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्ट या कंट्रोलरची (तक्ता साठवून तो वाचणाऱ्या पेटीची) आरंभीची आवृत्ती केवळ इंधनासाठी होती. ठिणगीचे नियंत्रण तिच्यात नंतर आले. केवळ ठिणगी सांभाळणारे मेगाजोल्ट कार्ब्युरेटर ठेवू इच्छिणाऱ्यांच्या पसंतीस उतरले. आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारे स्पीडुइनो त्यानंतरचे.

कार्यपद्धती : क्रँकच्या पुलीवर ३६ दात्यांच्या जागा असलेले पोलादी चाक बसवतात, त्यातला एक दाता काढलेला असतो. दोन दात्यांत १० अंशांचे अंतर पडते. चाकासमोर सुमारे १ मिमी अंतरावर चुंबकीय संवेदक असतो. चार सिलिंडरांच्या एंजिनात गाळलेला दाता टीडीसीच्या ९० अंश आधी संवेदकासमोरून जायला हवा. म्हणजे क्रमांक एकचा पिस्टन टीडीसीला असताना गाळलेल्या जागेनंतरचा नववा दाता संवेदकापुढे दिसतो. मॉड्यूल कंट्रोलरला वेगाचा स्पंद पाठवते. कंट्रोलर तक्ता वाचून उलट स्पंद पाठवतो आणि त्या स्पंदाची रुंदी हीच आज्ञा. शून्य अंशाला १,५३६ मायक्रोसेकंद, पुढे दर अंशाला २५.६ कमी. १० अंशांना १,२८० आणि ३० अंशांना ७६८. हा उलट स्पंद आलाच नाही, तर मॉड्यूल एंजिन बंद पडू देत नाही, ठिणगी १० अंशांवर स्थिर ठेवते. रस्त्यात कंट्रोलर मेला तरी मोटार घरी पोहोचावी, हा त्यामागचा हेतू. हाच गुण दोष शोधायलाही सर्वांत उपयोगी पडतो.

जोडणी : सारी यंत्रणा एका शून्यावर, म्हणजे टीडीसीच्या खुणेवर, उभी आहे. कंट्रोलरला पिस्टन दिसत नाही; चाक जे सांगेल तेवढेच त्याला कळते. चाक एक दाता पुढे-मागे बसले, तर तक्त्यातले ३२ प्रत्यक्षात ४२ होतात आणि पूर्ण भाराखाली पिस्टनवर घण पडू लागतात. किंवा ३२ चे २२ होतात, एंजिन मंद वाटते आणि एक्झॉस्ट तापतो. आकडे बदलत बदलत एंजिन कसेबसे चालते करता येते, पण चूक तशीच तक्त्याआड राहते. तोच तक्ता दुसऱ्या कोणी आपल्या एंजिनात भरला, की त्याचे नुकसान होते. म्हणून टीडीसी शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून तो वर कुठे थांबतो ते पाहण्याची सवय इथे सोडावी लागते. टीडीसीच्या आसपास क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ हलत नाही. डोळ्याला फरक कळत नाही. त्याऐवजी प्लगच्या जागी प्लगसारखेच आटे असलेला अडथळा घट्ट बसवावा. सर्व प्लग काढून क्रँक हाताने हळूच एका दिशेला फिरवावा. पिस्टन अडथळ्याला टेकला, की पुलीवर पेन्सिलने रेघ मारावी. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकेपर्यंत न्यावा आणि दुसरी रेघ मारावी. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. तिथे करवतीची बारीक खाच पाडून पांढरा रंग भरला, की पुढची सर्व कामे त्या खाचेवर होतात.

पुलीत रबराचा थर असेल, तर चाक तिच्या बाहेरच्या कड्यावर बसवू नये. जुने रबर सुटून कडे सरकते आणि शून्य मुकाट्याने हलते. संवेदकाचा कंस पातळ पत्र्याच्या टायमिंग कव्हरवर नव्हे, एंजिन ब्लॉकवर धरावा. संवेदकाची वायर कवच असलेली घ्यावी. कवचाला एकाच टोकाला अर्थिंग द्यावे आणि वायर प्लगच्या व स्टार्टरच्या केबलपासून दूर न्यावी.

भाराचे माप बहुधा इनटेक मॅनिफोल्डच्या दाबावरून घेतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल असेल, तर तो दाब इतका थरथरतो की त्याऐवजी थ्रॉटलचा कोन वापरणे श्रेयस्कर.

दोषशोधन : पहिली चाचणी एकच. आज्ञेची वायर काढून एंजिन चालवावे आणि टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा) खाचेवर धरावा. १० अंश दिसले, तर चाक व संवेदक निर्दोष. दोष कंट्रोलरात किंवा तक्त्यात. शून्य वा २० दिसले, तर चाक एक दाता चुकले आहे. मधलाच आकडा आला, तर कंस सरकवावा. लाइट साधा, शून्यावर ठेवलेला वापरावा. वाया जाणाऱ्या ठिणगीमुळे दोन फेऱ्यांतून एकदा अपेक्षित असलेली ठिणगी दोनदा मोजली जाते आणि अंश फिरवून दाखवणारे काही लाइट त्यामुळे खोटे वाचन देतात.

मोटार ढकलल्यावर सुरू होते पण स्टार्टरवर होत नाही, असे असेल तर संवेदकाचे अंतर पाहावे. त्याचे व्होल्टेज वेगाबरोबर वाढते. मंद फिरताना ते अपुरे पडते. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल झाली, तर टायमिंग भलतीकडे जाते किंवा वेग वाढला की मिसिंग सुरू होते. सर्वांत फसवा दोष जुन्या वायरिंगमधला आहे. पॉइंटच्या काळातल्या अनेक मोटारींत कॉइलला जाणारी वायर मुद्दाम रोध असलेली असे. तिच्यावरच नवे मॉड्यूल जोडले, तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. मल्टिमीटरची टोके नुसत्या सुट्या वायरीला लावली, तर पूर्ण व्होल्टेज दिसते. मोजणी मॉड्यूल चालू असताना करावी, म्हणजे घट दिसते. उपाय म्हणजे रिले लावून बॅटरीकडून स्वतंत्र वायर. प्लग व प्लगच्या वायरी रोधयुक्त घ्याव्यात. नुसत्या तांब्याच्या तारेच्या वायरींनी कंट्रोलर वारंवार रीसेट होतो.

भारतात : रस्त्यावर चालवण्यासाठी घरी मोटार बांधणे भारतात दुर्मिळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या नमुन्याची अधिकृत चाचणी व्हावी लागते (पुण्यातील एआरएआय ही अशी एक संस्था) आणि एकट्या माणसाला तो मार्ग परवडत नाही. प्रोग्रॅम केलेले इग्निशन मराठी घरांत पोहोचले ते मोटारसायकलींतून. दोन प्लगांची डिजिटल यंत्रणा असलेली बजाज पल्सर डीटीएस-आय २००३ मध्ये आली. तक्ता स्वतः भरण्याचे काम आज प्रामुख्याने अभियांत्रिकीचे विद्यार्थी सुप्रा एसएईइंडियासारख्या स्पर्धांच्या मोटारींवर करतात. तिथे एंजिन मोटारसायकलचे आणि दात्यांचे चाक त्याचेच असते. तरी बाजारातला कंट्रोलर बसवल्यावर दात्यांचा हिशेब आणि टीडीसीची खाच त्यांनाही लाइटखाली ताडून पाहावी लागते.