इंदूरात बीएला समाजशास्त्र घ्यायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे फोन सुरू होतात, काका समाजशास्त्राला कुठे ॲडमिशन मिळेल, त्याच्याबरोबर कम्युनिकेशनचं काही शिकता येईल का, आणि पीथमपूरच्या कारखान्यांत सुपरवायझर म्हणून लागायचं तर कुठली डिग्री घ्यायची. सगळ्यांना वाटतं तिन्हीचे फॉर्म वेगळे असतात. तसं नाहीये. सरकारी कॉलेज असो की डीएव्हीव्हीला (म्हणजे इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाला) जोडलेलं खाजगी, बीएचा फॉर्म उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरच भरायचा आणि तो एकच असतो. डोकं लावायचं ते विषय निवडताना.

मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवीन शिक्षण धोरण आलं, तेव्हापासून बीएला मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), इलेक्टिव (आवडीचा विषय) आणि त्याशिवाय एक व्होकेशनल (कामाचं कौशल्य शिकवणारा) असा प्रकार आहे. तर समाजशास्त्र मेजर घ्या आणि व्होकेशनलमधे व्यक्तित्व विकास मिळतोय का बघा, चार लोकांसमोर बोलायची सवय तिथे होते. सुपरविजन नावाचा विषय मात्र बीएच्या यादीत शोधत बसू नका. त्या लाइनला जायचं तर आधी ग्रॅज्युएट व्हा, मग इग्नूचा (घरी बसून शिकायचं मुक्त विद्यापीठ) एचआरचा, म्हणजे माणसं सांभाळायच्या कामाचा, पीजी डिप्लोमा नोकरी करता करताही होतो. आणि हो, प्रत्येक कॉलेजात प्रत्येक व्होकेशनल चालत नाही, पोर्टलवर नुसतं कॉलेजचं नाव बघून चॉइस भरला आणि नंतर कळलं की आपल्याला हवा तो विषय तिथे नाहीच, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं, म्हणून भंवरकुआंचं आर्ट्स अँड कॉमर्स असो की मोती तबेल्याचं माता जिजाबाई (हे फक्त मुलींचं), एक चक्कर मारून विचारून या.

पात्रता सोपी आहे, बारावी पास, कुठल्याही शाखेतून. आधी रजिस्ट्रेशन, मग कागदपत्रं अपलोड, त्यांचं व्हेरिफिकेशन, चॉइस फिलिंग आणि बारावीच्या मार्कांवर अलॉटमेंट. सीट लागली की मुदतीत फी ऑनलाइन भरायचीच, नाहीतर ती सीट गेली. राहिलेल्या सीटांसाठी नंतर सीएलसी म्हणजे कॉलेज लेव्हल काउंसलिंगचे राउंड असतात. घरी जमत नसेल तर एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर (सरकारी ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान) भरून देतात, पण मोबाइल नंबर आपलाच द्या, दुकानदाराचा नको, ओटीपी नंतरही लागतो.

कागदपत्रांमधे दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, आधार, फोटो, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक, परिवाराचा ८ आकडी आणि सदस्याचा ९ आकडी, दोन्ही लिहून ठेवा), मूल निवासी प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. हे दाखले लोकसेवा केंद्रातून निघतात, निकालाची वाट न बघता आधीच अर्ज टाकलेला बरा. मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र.

आता आपल्या मराठी घरांची खास भानगड. भाचीचं आडनाव काळे, समग्रमधे झालं होतं काले, कारण हिंदी टायपिंगवाल्याला ळ सापडला नाही! त्यात मार्कशीटवर नुसतं नाव-आडनाव आणि आधारवर मधे वडलांचं नाव. व्हेरिफिकेशनला 'नाम भिन्न है' म्हणून परत पाठवलं, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, शपथपत्र करून आणि समग्र दुरुस्त होईपर्यंत पहिला राउंड निघून गेला, सीएलसीत लागली बिचारी. तेव्हा तिन्ही कागद आजच शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवून बघा.

बारावी महाराष्ट्रातून केली असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आधीच मागवून घ्या. आणि तिकडचा जातीचा दाखला इथे आरक्षणाला चालत नाही, कितीतरी लोकांना हे ऐन वेळी कळतं.

डीएव्हीव्हीच्या स्वतःच्या डिपार्टमेंटचं प्रकरण वेगळं आहे. खंडवा रोडच्या तक्षशिला कॅम्पसमधल्या बऱ्याच यूजी कोर्सना २०२२ पासून सीयूईटी (देशभरातल्या विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा) लागते, पत्रकारितेचा विचार असेल तर ती परीक्षा बारावीच्या वर्षातच द्यावी लागते, निकालानंतर जागे झालात तर उशीर झालेला असतो.

नोकरी सांभाळून बीए करायचं असेल तर इग्नू आहेच, जानेवारी आणि जुलै असे दोन प्रवेश, कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६. समाजशास्त्र तिथेही आहे, हिंदीतून पेपर लिहिता येतात. नुसतं बोलण्या-वागण्याचंच शिकायचं असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) सॉफ्ट स्किल्सचे कोर्स फुकट बघता येतात, सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेचे १००० रुपये भरा आणि सेंटरवर जाऊन पेपर द्या.

एक राहिलंच, टीसी कॉलेजात ओरिजिनल जमा होते आणि परत मिळवताना नाकी नऊ येतात, त्यामुळे देण्याआधी चार झेरॉक्स काढून ठेवा आणि मोबाइलवर एक नीट स्कॅनपण.